दुप्पट दिवस

आमची मुलगी नांदेडच्या दवाखान्यात जन्मली तेव्हा रडली नाही. आठवा महिना चालू होता. डॉक्टरबाईंनी नंतर माझ्या खाटेवर बसून समजावून सांगितलं की नाळेतून रक्त नीट पोचलं नाही, असं कधीकधी होतं, त्याचं कारण दर वेळी सापडतंच असं नाही. मी ऐकून घेतलं. माझ्या नवऱ्याने ते ऐकलंच नाही. तो मोटारी बांधणारा माणूस. मुखेडला बसस्टँडच्या मागे त्याचं दुकान आहे. शेतकरी बोअरच्या जळालेल्या मोटारी घेऊन येतात, तो खोलतो, काळी पडलेली तार उपसून काढतो आणि नवी भरतो. मोटार जळाली म्हणजे काहीतरी झालेलं असतंच. एक फेज गेलेला असतो, बेअरिंग बसलेलं असतं, नाहीतर पाणी शिरलेलं असतं. विनाकारण जळालेली मोटार त्याने कधी पाहिली नव्हती.

बोलताना मी त्यांना अहो म्हणते. लिहिताना मात्र 'तो' येतं. इतकं सोबत भोगल्यावर अहो-जाहो जड वाटतं.

मुलीला आम्ही मुखेडला आणलं. नाल्यापलीकडे आमच्या ख्रिस्ती लोकांची दफनभूमी आहे, तिथे पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. हेच पाळकसाहेब, ज्यांनी माझ्या नवऱ्याला लहानपणी बाप्तिस्मा दिला आणि आमचं लग्नही लावलं. त्यांनी जास्त काही सांगितलं नाही. पुढच्या रविवारी मी उपासनेला गेले, कारण घरात बसवत नव्हतं. दूध येत होतं, पदर ओला होत होता, तशीच बाकावर बसले आणि प्रभुभोजनाची भाकरी आणि द्राक्षरस घेतला. शेजारच्या बायांनी माझ्याभोवती गर्दी करून कोणाला काही दिसू दिलं नाही.

त्याच दिवसांत नवरा दुकानात काम करता करता मोबाइलवर प्रवचनं ऐकायला लागला. लातूरला एक मंडळी होती. मोठी नव्हती, पाच-दहा घरं असतील. त्यांना शिकवणारे जे गृहस्थ होते त्यांना सगळे ब्रदर म्हणत. ब्रदर वाईट माणूस नव्हते, हे मला आधीच सांगितलं पाहिजे. हळू बोलणारे, समोरच्याचं ऐकून घेणारे. त्यांचं म्हणणं असं की येशू स्वतः यहूदी होता, त्याची आठव्या दिवशी सुंता झाली, तो शनिवारी शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, पाळत होता, आणि नियमशास्त्र, म्हणजे जुन्या करारातले नियम, रद्द करायला मी आलो नाही असं त्यानेच सांगितलं. मग ते आपण कोणाच्या सांगण्यावरून सोडून दिलं? विश्वास हवाच. पण विश्वासाने आत आलेल्या माणसाने घरातल्यासारखं वागायला नको का?

नवरा एकदा लातूरला जाऊन त्यांना भेटून आला. आल्यावर त्याचा चेहरा मला मुलगी गेल्यापासून पहिल्यांदा जरा मोकळा दिसला. मला बरं वाटलं. जेवताना म्हणाला, "आपून लई गोष्टी सोडून दिल्यात. कुनी सांगितलंच न्हाई."

त्याला एक कारण सापडलं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

आधी शनिवार आला. शुक्रवारी दिवस मावळला की दुकानाचं शटर खाली. रब्बीला पाणी देण्याचे दिवस होते. शेतकरी मोटार टेम्पोत घालून दुकानासमोर उभे राहायचे आणि मग घरी यायचे, दार वाजवायचे. तो आत बसून राहायचा. मी बाहेर जाऊन, रविवारी या, म्हणायची. शनिवारी चूलही नाही. सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, शुक्रवारच्या ज्वारीच्या भाकरी पाण्यात बुडवून खायच्या. त्यांना वाटलं, पोराचं दुःख आहे, निवळेल.

मग त्याने अंगावरचे कपडे पाहिले, दोन जातींच्या धाग्यांचं कापड शास्त्रात चालत नाही म्हणून सूत आणि लोकर मिसळलेलं एक स्वेटर होतं ते टाकून दिलं. मग जेवण. डुकराचं तर आमच्या घरात कधीच शिजत नव्हतं. पण आत्यांना वाळलेले झिंगे फार आवडतात. बाजाराच्या दिवशी त्या पदरात बांधून आणतात, तव्यावर भाजून लसूण-मिरचीत कुटतात. नियमशास्त्रात ज्याला खवले आणि पर नाहीत ते पाण्यातलं काही खाऊ नये असं आहे. एका बाजाराच्या संध्याकाळी घरात तो वास आला आणि नवरा दुकानातून आला. त्याने तवा उचलून अंगणात ठेवला. भांडला नाही. आत्यांच्या समोर खाली बसला आणि विचारलं, ही पोटुशी असताना तू हिला हे खाऊ घातलं होतंस का?

आत्या म्हणाल्या, "हाव. तिलाच डोहाळे लागले व्हते. सारखं तेच मागायची."

तो म्हणाला, "मग आता तूच सांग आई, पोरगी कशानं गेली."

आत्या हातातला लसूण तसाच धरून बसल्या. मी म्हणाले, अहो, डॉक्टरबाईंनी सांगितलंय ना. तो म्हणाला, त्यांनी काहीच सांगितलं नाही, कारण माहीत नाही असं सांगितलं.

त्या दिवसापासून तो आईच्या हातचं जेवेनासा झाला. बाजारातून नवी थाळी आणि नवं पातेलं आणलं, पुढच्या खोलीत गॅसची लहान शेगडी मांडली, आणि स्वतःचं स्वतः शिजवू लागला. माझी पाळी आली की माझी सतरंजी वेगळी घालून द्यायचा. रागाने नाही. उलट मायेने, उशी नीट करून द्यायचा आणि म्हणायचा, शास्त्रात आहे, काही दिवसांचा प्रश्न आहे. एकदा मला म्हणाला की बाळंत झालेल्या बाईला मुलगा झाला तर जितके दिवस विटाळ, मुलगी झाली तर त्याच्या दुप्पट दिवस, आणि तेवढ्या दिवसांत पवित्र वस्तूला शिवायचं नसतं. आणि तू तर पहिल्याच रविवारी प्रभुभोजन घेतलंस.

मी विचारलं, मेलेल्या मुलीचेसुद्धा दुप्पट?

तो म्हणाला, तसं वेगळं काही लिहिलेलं नाही.

विटाळ हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारत नसे. तो शिवीसारखाच मानला जायचा. आत्यांनी तो पुढच्या खोलीतून ऐकला आणि त्या आत आल्या. उभ्या उभ्याच बोलल्या. त्यांचे वडील बिलोलीकडच्या एका खेड्यातले. त्यांना पाणी वरून वाढलं जायचं, ओंजळीत. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती, पण त्या कधी पूर्ण सांगत नसत. त्या दिवशी सांगितली. म्हणाल्या, "मिशनचा मानूस आला अन् माझ्या बापाच्या ताटात हात घालून जेवला. त्या दिशी माझा बाप ख्रिस्ती झाला. शास्त्र वाचून न्हाई झाला, त्याला कुठं वाचता येत व्हतं. ज्या ताटापायी त्यानं गाव सोडलं, ते ताट तू माझ्या घरात परत येगळं केलंस."

नवरा रडला. खरंच रडला, आईचे पाय धरले. आणि दुसऱ्या दिवशी परत पुढच्या खोलीत त्याने आपली खिचडी शिजवली.

मी पाळकसाहेबांकडे गेले. ते स्कूटरवरून घरी आले, बरोबर शास्त्राचं त्यांचं जुनं पुस्तक घेऊन. नवऱ्याला समोर बसवून त्यांनी प्रेषित पौलाच्या पत्रातली अंत्युखिया शहराची हकिकत काढली. येशूचा शिष्य पेत्र तिथे परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर, एका पंगतीत जेवत होता. मग यरुशलेमहून काही माणसं आली, आणि त्यांच्या भीतीने पेत्र हळूच मागे सरला, वेगळा बसायला लागला. पौलाने सगळ्यांसमोर त्याला तोंडावर सांगितलं की हे बरोबर नाही. माणूस नियमशास्त्राच्या कर्मांनी नीतिमान ठरत नाही, विश्वासाने ठरतो. पाळकसाहेब म्हणाले, आपण कोण आहोत या गोष्टीत? आपण ते परराष्ट्रीय, ज्यांच्या ताटावरून पेत्र उठला. तुझी आई त्या ताटावर बसलीय, आणि तू उठून गेलायस.

नवऱ्याने मान खाली घालून सगळं ऐकलं. मग म्हणाला, "साहेब, तुमी म्हनता आपल्याला काही करायचं न्हाई, सगळं झालेलं हाय. आमी काहीच करत नव्हतो तवाच पोरगी गेली की. आता परत काहीच करू नको म्हनता. मग मी बसून कसा राहू?"

पाळकसाहेबांनी शास्त्र मिटलं. त्यांना उत्तर माहीत होतं, आयुष्यभर त्यांनी ते व्यासपीठावरून दिलं होतं. पण ते समोर बसलेल्या या माणसाला लागू पडत नव्हतं, हे त्यांना दिसलं असावं. जाताना मला दारात म्हणाले, प्रार्थना कर, विश्वास ठेव. मी हो म्हणाले.

दुसऱ्या लेकराचा विषय मी एकदाच काढला. तो म्हणाला, सगळं पुरं झाल्याशिवाय नको. पुरं म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, शनिवार आणि जेवणाचंच बोलतोय.

उन्हाळ्याच्या तोंडावर तो तांब्याची तार आणायला लातूरला जातो म्हणून गेला. आला तेव्हा पाय फाकून चालत होता आणि लुंगी नेसलेली होती. त्याने सुंता करून घेतली होती. एका चांगल्या दवाखान्यात, नीट भूल देऊन. ब्रदरनी त्याला तसं करायला लावलं नव्हतं, हे नंतर कळलं. त्यांनी, घाई करू नकोस, असंच सांगितलं होतं. यानेच डॉक्टर शोधला आणि यानेच दिवस ठरवला. त्याच्या चेहऱ्यावर दुखणं होतं आणि त्याच्या खाली एक प्रकारचं समाधान, जे पाहून मला घराबाहेर पळून जावंसं वाटलं. म्हणाला, आता काही राहिलं नाही.

त्याला साखरेचा आजार आहे. डॉक्टरांनी जखम भरायला कॅप्सूल दिल्या होत्या. त्या तो वेळेवर घेतोय असं मला वाटत होतं, कारण पाण्याचा तांब्या उशाशी असायचा. तीन-चार दिवसांनी ताप चढला. मग ताप उतरेनाच, तो बरळायला लागला, आणि खोलीत वास यायला लागला. मी गादी झटकायला उचलली तर खाली कॅप्सूलची पाकिटं तशीच्या तशी. मी त्याला हलवून विचारलं. तो म्हणाला, कॅप्सूलचं कव्हर डुकरापासून बनवतात. इतकं सगळं करून आता शेवटी ते पोटात घालू?

शेजारच्याची जीप करून नायगावमार्गे नांदेडला नेलं. आत्या मागच्या सीटवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. महिनोन् महिने त्याने त्यांच्या हातचा घास घेतला नव्हता, आणि आता त्या त्याचे ओठ ओल्या कपड्याने पुसत होत्या, त्याला कळतही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, विष रक्तात उतरायला लागलंय, थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. आताही खात्री देता येत नाही. शिरेतून इंजेक्शनं सुरू झाली. जखम परत उघडून साफ करावी लागली. मी वॉर्डाबाहेर बाकड्यावर बसले आणि प्रार्थना करायला डोळे मिटले. आत काहीच नव्हतं. शब्द पाठ होते, ते ओठांवर आले आणि तिथेच वाळले.

ब्रदर लातूरहून धावत आले. बातमी कळताच मिळेल त्या गाडीने आले असावेत, शर्ट घामाने भिजलेला. नवरा तेव्हा शुद्धीवर होता, डोळे खोल गेलेले. ब्रदर खाटेजवळ उभे राहून म्हणाले, "मी कधी तुला गोळ्या घेऊ नको म्हणालो का? जीव वाचवण्यासाठी नियम मोडावा, हे नियमशास्त्राच्या लोकांनीच शिकवलंय. यहूदी माणूससुद्धा असा मरत नाही रे."

नवऱ्याने त्यांचा हात धरला आणि विचारलं, "ब्रदर, अजून काय राहिलं?"

ब्रदरनी हात सोडवून घेतला आणि ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मी त्यांना दोष देऊ शकत नाही. त्यांनी देवाच्या प्रेमाची घरातली रीत शिकवली होती. समोरच्या माणसाने तिचं काय केलं, ते पाहून त्यांना धक्का बसला होता.

दुपारी पाळकसाहेब आले. दोघं, ब्रदर आणि ते, एकमेकांना पहिल्यांदाच भेटत होते. मला वाटलं इथेही वाद होईल, पण झाला नाही. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि सवयीने माझ्याकडे वळून म्हणाले, विश्वास ठेव बाई. तेव्हा मला आवरलं नाही. मी म्हणाले, "साहेब, मला नाही येत ठेवता. मी इतके महिने त्यांना सांगतेय की नियमाने नाही, विश्वासाने. माझ्याकडे तरी कुठे आहे? त्यांना निदान शनिवार पाळता येतो. मला तर काहीच पाळता येत नाही."

वॉर्डात बाकीचे पेशंट होते, मी हळूच बोलत होते. पण नवऱ्याने ऐकलं. त्याने उशीवरच मान वळवली आणि पाळकसाहेबांना विचारलं, "साहेब, पोरीचं काय मग? तिनं नियमबी पाळला न्हाई, विश्वासबी ठेवला न्हाई. तिला येळच कुठं मिळाला?"

शेजारच्या खाटेपाशी बसलेली बाई संत्रं सोलत होती, ती थांबली.

पाळकसाहेब स्टुलावर बसले. म्हणाले, मला माहीत नाही. मग आम्हाला सांगण्यापेक्षा स्वतःशीच, बोलायला लागले. तरुणपणी पाळकाचं शिक्षण घेताना त्यांना शिकवलं होतं की पौलाच्या पत्रात जिथे आपण येशूवरचा विश्वास वाचतो, तिथे मूळ भाषेतल्या शब्दांचा अर्थ येशूचा विश्वास असाही निघतो. म्हणजे आपण त्याच्यावर ठेवलेला नाही, त्याने धरलेला. पंडितांचा त्यावर वाद आहे. तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरून गेलो, म्हणाले. विश्वास जर आपणच अंगातून काढून द्यायचा असेल, तर तोही नियमच झाला. सगळ्यात कठीण नियम. तुला पाळता येत नाही, मलाही कितीदा पाळता आला नाही. पण तो विश्वास जर येशूचा असेल, तर पोरीला काही करायची गरज नव्हती.

"तुमाला खात्री हाय?" नवऱ्याने विचारलं.

"नाही," पाळकसाहेब म्हणाले.

नवऱ्याने डोळे मिटले. मला वाटतं, त्यांनी खात्री आहे असं सांगितलं असतं, तर त्याने ते ऐकलं नसतं.

तो वाचला. बरा व्हायला पावसाळा उजाडला. पहिले काही दिवस तो कॅप्सूल तळहातावर उलटीपालटी करून मगच गिळायचा, पुढे सवय झाली. पुढच्या खोलीतली शेगडी आत्यांनी न विचारता काढून ठेवली आणि तो आत येऊन जेवायला बसला. शनिवारी तो अजून दुकान बंद ठेवतो. मीही काही म्हणत नाही. एक दिवस माणसाने हात बांधून बसावं, यात मला आता काही चुकीचं दिसत नाही. त्या दिवशी आमच्याकडे चूल मात्र पेटते. ब्रदरचा कधीतरी फोन येतो, तब्येत विचारतात, शास्त्राचं बोलत नाहीत.

पावसाळ्यातच एके दिवशी आत्या निवडण घेऊन बसल्या होत्या. नवरा त्यांच्याजवळ जाऊन बसला. पुष्कळ दिवस त्याच्या मनात असावं. म्हणाला, "आई, झिंग्यानं न्हाई गेली ती. मी चुकलो."

आत्यांनी सुपातून मान वर केली नाही. म्हणाल्या, "आता कशाला सांगतूस बाबा. तू म्हनलास तवापासून मला रोज वाटतं, त्यानंच गेली."

तो, तसं नाही, असं परत परत सांगत राहिला, डॉक्टरबाईंचं नाव घेऊन सांगितलं, शास्त्राचा दाखला देऊन सांगितलं. त्या हाव म्हणत होत्या आणि खडे निवडत होत्या. त्यांनी बाजारातून झिंगे आणणं कायमचं सोडलं आहे. मी एकदा आणले तर त्यांनी पुडी न सोडता शेजारी देऊन टाकली. नवऱ्याने स्वतःवरचे बहुतेक नियम एकेक करून उतरवले. आईवर घातलेला एक मात्र त्याला उतरवता आला नाही. तो तिच्यातच रुतून बसला आहे. कृपेचं जे काही पाळकसाहेब सांगतात, ते तिच्यापर्यंत कसं पोचवायचं, ते आम्हा दोघांनाही कळत नाही.

दुसऱ्या लेकराचं आम्ही अजून बोललो नाही. माझं वय वाढत चाललंय, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही. मी शाळेत शिकवते, दुपारी पोरांना खिचडी वाढते. त्यांचे हात माझ्या हाताला लागतात आणि तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

रविवारी मी उपासनेला जाते. तो कधी येतो, कधी येत नाही. आला तर मागच्या बाकावर बसतो आणि प्रभुभोजनाच्या आधी उठून बाहेर जातो, निंबाखाली उभा राहतो. मी आतच असते. रांगेत माझी पाळी आली की पुढे जाऊन भाकरीचा तुकडा तोंडात घेते. काहीही वाटत नाही. तरी घेते.